कर्वेबाईंची लायब्ररी

कर्वेबाई कोणाच्याही होकारावर थांबत नसत. एसीवाला ‘इन्शाल्ला, कल’ म्हणाला की त्या शांतपणे विचारत, "कल कितने बजे?" आणि वेळ कागदावर लिहून त्याच्यासमोर धरत. तो आलाच पाहिजे, अशी त्यांची नजर असे.

अमिरातीतल्या खोर फक्कानच्या बंदरातून कंटेनर हलवणाऱ्या एका कंपनीत त्या आमच्या टीमच्या प्रमुख होत्या. कंपनीने नवी बिझनेस सिस्टिम घेतली होती, पण तिच्या स्क्रीनवर एकेक नोंद हाताने टाइप करावी लागे. बाईंनी पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटी लायब्ररी, म्हणजे सगळ्यांना वापरता येईल अशा तयार कोडचा संच, लिहिली. तिच्यामुळे आमच्या दहा ओळींच्या स्क्रिप्टला सिस्टिमची फंक्शन्स बाहेरून बोलावता येऊ लागली. "थेट डेटाबेसच्या टेबलात हात घालायचा नाही," असं त्या प्रत्येक नव्या माणसाला बजावत.

मी पुण्याहून नुकताच आलो होतो, सगळं येतं अशा थाटात. एका जुलैत औषधांचे थंड कंटेनर सोडायच्या नोंदी करणारी स्क्रिप्ट मी चालवली. प्रत्येक नोंदीला ‘यशस्वी’ असं उत्तर आलं. मी खुशीत जेवायला गेलो. परतलो तर बंदराच्या गेटवर एकोणीस ट्रक अडकलेले आणि सिस्टिममध्ये एकही नोंद नाही. नोंदी पक्क्या करायला आणखी एक फंक्शन बोलवावं लागतं, तेच मी विसरलो होतो. कंटेनर थंड ठेवणाऱ्या ट्रकवरच्या जनरेटरमध्ये तासाभराचंच डिझेल उरलं होतं.

मॅनेजर आत येऊन हे कोणी केलं म्हणून विचारू लागला. मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "लायब्ररी मेरी है. बीस मिनट दीजिए."

खुर्चीवर त्यांनी मलाच बसवलं. मी राहिलेली ओळ घालून स्क्रिप्ट पुन्हा चालवली; त्या गेटवरच्या माणसाकडून फोनवर एकेक नंबर वाचून घेत राहिल्या. एकोणिसावा ट्रक सुटल्यावर त्या पाणी प्यायल्या. दुसऱ्या दिवसापासून केलेली नोंद परत वाचून जुळल्याशिवाय लायब्ररी ‘झालं’ म्हणेना.

दोन वर्षांनी लेकीच्या शिक्षणासाठी त्या कॅनडाला निघाल्या. लायब्ररीच्या पहिल्या ओळीत त्यांचं नाव होतं. ते तसंच राहू द्या, असा मी हट्ट धरला. त्यांनी ते खोडलं आणि माझं टाइप केलं.

"काही अडलं तर फोन कोणाला करायचा, हे कळायला नाव असतं रे."

नावापुढे माझा एक्स्टेंशन नंबर घालून त्यांनी पर्स उचलली. त्या लिफ्टपर्यंत पोचल्याही नसतील, तोच माझ्या टेबलावरचा फोन वाजला. गेटवरून होता. मी उचलला.