लोणझिरे शेडचा घुमट

रसांची गणना करणाऱ्या आपल्या प्राचीनांनी क्रोधाला आसन दिले, भयाला दिले, जुगुप्सेलासुद्धा सन्मानाने पाट मांडला. तुच्छतेला मात्र त्यांनी गर्वाच्या पाठीमागे, पंगतीच्या कडेला, जेमतेम उकिडवे बसण्यापुरती जागा ठेवली. त्यांचे चुकले असे म्हणण्याचे धाडस कोण करील? एवढेच म्हणावे, की त्यांच्या काळी आगगाडी नव्हती आणि म्हणून हाशम मिस्त्रीही नव्हते. तुच्छता हा बहुधा रिकाम्या भांड्याचा नाद असतो. परंतु क्वचित एखादा पुरुष असा निपजतो, की त्याने आयुष्यात एका वस्तूला इतके उंच बसवलेले असते की तिच्यापुढे उरलेली सृष्टी त्याला ओट्याखालीच दिसते. त्याचा तिरस्कार ही त्याची उपासनाच असते; फक्त तिच्यात फुलांच्या जागी शिव्या वाहिलेल्या असतात.

धरणगावाकडून लोणझिऱ्याच्या कापूस-प्रेसांपर्यंत एक अरुंद लाइन पूर्वी जात असे. तिच्या शेवटी इंजिनांची शेड होती. दोन इंजिने मावतील एवढे पत्र्याचे छप्पर, खाली राख पाडण्याचा दगडी खड्डा, बाहेर पाण्याची टाकी, आणि इंजिनाचे तोंड फिरवण्याचे, माणसांनी ढकलायचे लोखंडी चक्र. या शेडचे मिस्त्री म्हणजे हाशमभाई. मिसरूड फुटण्यापूर्वी ते तिथे तेलाची झारी घेऊन शिरले आणि दाढी पांढरी होईतो बाहेर पडले नाहीत. वाफ सोडून जगात दुसरे बळ आहे हे त्यांना मान्य नव्हते. एस.टी.च्या मोटारीला ते ‘खोकणारा डबा’ म्हणत, तिच्या ड्रायव्हरला ‘गाडीवान’ म्हणत, आणि तिच्यात बसावेच लागले तर ज्या बाजूला इंजिन दिसणार नाही अशी जागा धरत. गावंढळ बोली त्यांनी ओठावर येऊ दिली नाही. साहेबांशी जी मराठी बोलत, तीच बकऱ्या राखणाऱ्याशी बोलत; बकऱ्या राखणाऱ्याला त्यात मान वाटे, साहेबांना अपमान.

साठीच्या दशकाच्या आरंभी ट्रकांनी कापूस पळवला आणि लाइन बंद झाली. रूळ उखडले गेले, शेड लिलावात निघाली. शेवटचे इंजिन दुसरीकडे धाडण्यासाठी तपासले, तेव्हा एक उणे निघाले. घसरत्या चाकांखाली रुळावर वाळू सोडण्यासाठी इंजिनाच्या पाठीवर वाळूचा साठा असतो. त्यावरचे ओतीव लोखंडाचे अर्धगोल झाकण, ज्याला शेडमध्ये ‘घुमट’ म्हणत, ते नाहीसे झाले होते. शेडच्या चाव्या मिस्त्रींकडे होत्या. चौकशी झाली. सिद्ध काही झाले नाही. मात्र निर्दोष आहात असेही त्यांना कोणी म्हटले नाही. ते धरणगावला घरी आले, आणि दुसऱ्याच दिवशी स्टेशन रस्त्यावरच्या सायकल-दुकानदाराने, झुलालने, पंक्चर काढता काढता हाक मारली, «काय मिस्त्री, घुमट कितीला गेला?»

तो प्रश्न मग गावानेच उचलला. मशिदीच्या पायरीपासून आठवड्याच्या बाजारापर्यंत तो मिस्त्रींच्या मागे फिरू लागला. तेव्हा त्यांनी ठरवले की शेडचा तुकडा न् तुकडा शोधायचा. घुमट कुठेतरी असणारच, आणि तो ज्याच्या घरी असेल तो चोर. जिथे शेडचे लोखंड वा लाइनीचे लाकूड दिसेल तिथले पाणीही प्यायचे नाही, असा दुसरा निश्चय त्यांनी याच बैठकीत केला. उन्हाळ्यात हा नियम फार महागात पडे.

असे ते सत्तरीच्या दशकातही हिंडत राहिले. टाकीचे पत्रे गुरांच्या हौदाला लागले होते. सिग्नलचा हात एका केळीच्या मळ्यात, पाखरांना भिवविण्यासाठी, चिंध्या नेसून उभा होता. चक्राच्या गोल खड्ड्यात तालीम भरे. «पूर्वी इथे इंजिन फिरत असे,» मिस्त्री पैलवानांना म्हणाले, «आता बटाटे लोळतात.» पैलवान धाकटे होते, हसले, वस्ताद हसला नाही.

शेड लिलावात घेतली होती धरणगावच्या दलिचंद शेठांनी. सरकीचा मोठा व्यापार, दारात म्हशी. मिस्त्री त्यांच्या वाड्यामागे गेले तर शेडचे छप्पर तिथे गोठा होऊन उभे होते.

«या मिस्त्री, या नी,» शेठ प्रसन्न होते. «तुमची शेड पुन्हा उभी केली बघा.»

«उभी? उलटी केलीत. हा पत्रा धूर वर जावा म्हणून वळवलेला आहे. तुम्ही त्याचे तोंड आभाळाकडे केले. पावसाळ्यात म्हशीच्या पाठीवर धार लागत असेल.»

«लागते खरी. पण म्हैस बोलत नाही काही.»

«ती काय बोलणार? तिने शेड पाहिली नव्हती. आणि तुम्हीही.»

शेठांनी हसत पाण्याचा तांब्या पुढे केला. मिस्त्रींनी तो पाहिला, छप्पर पाहिले, आणि तांब्याकडे पाठ केली. तेव्हा शेठ हळूच म्हणाले, «घुमट मात्र माझ्या मालात नव्हता हां. तो आधीच गेला होता.» त्यांनी ‘आधीच’ हा शब्द अडकित्त्यात सुपारी धरावी तसा धरला होता. मिस्त्री कोरड्या घशाने परत फिरले.

पुढे एका आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी, वैशाखाच्या भर उन्हात, ते सावखेड्याला गेले. तिथल्या चावडीला लाइनीच्या लाकडी स्लीपरांच्या तुळया घातल्या आहेत असे ऐकले होते. तुळया खऱ्याच निघाल्या. त्यांना वाळवी लागली होती, आणि वाळवीबद्दलही मिस्त्रींनी दोन शब्द सुनावले. परतीची मोटार तिसऱ्या प्रहरी होती. सावखेड्यात दिलेल्या बहिणीकडे सणाला आलेला झुलाल त्यांना चावडीपाशी भेटला.

«मिस्त्री, उन्हात मराल. चला, तुमच्या धनसिंगच्या घरी बसू. बिचारा गेला, पण बाई मोठी मायाळू.»

धनसिंग म्हणजे शेडमधला खलाशी, मिस्त्रींच्या हाताखालचा मजूर. मिस्त्रींनी ज्यांना ज्यांना तुच्छ मानले त्यांच्या पंगतीत अग्रपूजेचा मान त्याचा. त्याच्या हाती पाना द्यावा तर त्याचाही तो हातोडा करी. आटे बसलेला बोल्ट तेल घालून, थोपटून, वाट पाहून खोलायचा असतो हे ज्ञान त्याच्यापर्यंत कधी पोचलेच नाही. तो छिन्नी लावी आणि घाव घाली. «बोल्ट खोलतोस की बोकड कापतोस?» असे मिस्त्री त्याला रोज विचारत. अशा माणसाच्या घरी जाण्याची त्यांना इच्छा नव्हती; पण घसा सुकला होता आणि चावडी आधीच वर्ज्य ठरली होती.

धनसिंगची विधवा बेबाबाई अंगणातल्या चुलाणापाशी मांडे करीत होती. माहेरी आलेल्या दोन लेकी पुरण भरून देत होत्या. हातांच्या पाठीवर ती पोळी झेलीत, वाढवीत, पातळ करीत नेई, आणि अखेर पडद्यासारखी पसरून खापरावर टाकी.

«या मिस्त्रीबाबा, बसा,» ती ओळखून म्हणाली. «आखाजीना दिन शे, उपाशी जाऊ नका.»

«पाणी पुरे. मोटार येईतो बसतो.»

ते पाणी प्यायले. भांडे खाली ठेवले. आणि मग त्यांची नजर चुलाणावर गेली. मांडे मातीच्या उपड्या खापरावर भाजतात; हे खापर मातीचे नव्हते. मातीचा लेप होता, पण काठाशी तो निघाला होता, आणि काठाला बोल्टांची भोके होती.

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर काय उमटले ते बेबाबाईने भलतेच वाचले. ती आनंदाने लेकींकडे वळली. «दखा व, मिस्त्रीबाबानी बी ओळखं! मी या पोरीसले दरसाल सांगस बाबा, शेड बंद व्हयनी तधय साहेबनी तुमना बापले हाऊ इंजनना घुमट बक्षीस दिधा. बठ्ठा खलाशीसमा एक त्यासलेच. या हासतस.»

«आई, साहेब बक्षीस म्हनीसन झाकन देस का?» थोरली म्हणाली.

«देस! मिस्त्रीबाबा, आते तुमीच सांगा.»

झुलाल खाटेवरून उठला होता. त्याच्या डोळ्यांत बाजाराच्या दिवसाची चमक आली. «इंजनना घुमट? मिस्त्री, तोच का हाऊ?»

मिस्त्री चुलाणाशी वाकले. भोके पाहिली. एकही बोल्ट खोललेला नव्हता. सगळे छिन्नीने तोडलेले होते. एके ठिकाणी घाव चुकून काठाचा टवकाच उडाला होता. पत्र वाचावे इतक्या सुबोधपणे ते त्या लोखंडात वाचता येत होते. असे काम लोणझिऱ्याच्या शेडमध्ये एकच हात करीत होता, आणि त्या हाताची विधवा पदराने घाम टिपीत, त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

एक वाक्य पुरे होते. झुलालसारखा दवंडीवाला शेजारी उभा होता; संध्याकाळच्या आत धरणगावात मिस्त्रींचे नाव धुऊन निघाले असते, दलिचंद शेठांचे ‘आधीच’ त्यांच्याच घशात गेले असते. इतक्या वर्षांची तहान ज्यासाठी सोसली ते तिथे, धुरात, पालथे पडले होते. मिस्त्रींनी बेबाबाईकडे पाहिले, मग तिच्या लेकींकडे. धनसिंगच्या साऱ्या आयुष्यात अभिमानाने सांगावी अशी एवढी एकच गोष्ट होती, आणि ती खोटी होती.

«तोच,» ते म्हणाले. «साहेबाच्या हुकमाने मी उतरवला. धनसिंगच्या डोक्यावर ठेवला, घेऊन जा म्हटले.»

«दखं का व?» बेबाबाई लेकींना म्हणाली.

«मग चौकशीत का नाही बोलले?» झुलाल एकदम आपली बोली सोडून पुन्हा मिस्त्रींच्या मराठीत उतरला.

«विचारणाऱ्यांची लायकी नव्हती.»

झुलालने चुलाणाच्या कडेने वाकून टवक्याकडे बोट केले. «आणि हा काठ? हा असा फुटला कसा?»

ज्याने उभ्या आयुष्यात एका बोल्टाचा आटा दुखवला नाही त्याला हे उत्तर द्यायचे होते.

«माझ्याच हाताने. हात घसरला.»

मग, जणू या वाक्याची चव तोंडातून जावी म्हणून, ते बेबाबाईला म्हणाले, «साहेबाला माणसांची पारख नव्हती हेही ऐकून ठेवा. तुमच्या नवऱ्याइतका निकामी खलाशी मी पाहिला नाही.»

बेबाबाई खळखळून हसली. «त्या बी हाईच सांगेत! मिस्त्री माले दररोज शिव्या देस म्हने.» आणि तिने मांड्याची घडी व आंब्याच्या रसाची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. शेडचे लोखंड ज्या घरी असेल तिथले पाणीही न पिण्याचा नियम त्या ताटाशी मोडला. मिस्त्रींनी घास घेतला.

«एका बाजूने करपलाय.»

«त्या फुटेल काठखाले जाळ वर येस, बाबा.»

«दिसतेच आहे,» मिस्त्री म्हणाले, आणि करपलेल्या बाजूसकट सगळा मांडा त्यांनी संपवला.

झुलालने आपले कर्तव्य चोख बजावले. धरणगावात आता दुसरा प्रश्न सुरू झाला. «काय मिस्त्री, हात घसरला का?» पहिल्या प्रश्नाने त्यांची नियत दुखावली जात होती, या प्रश्नाने कसब. दलिचंद शेठांनी कोणाला तरी सांगितले, की म्हातारा प्रामाणिक असेल नसेल, पण मिस्त्री मात्र कच्चा. मिस्त्रींनी या सर्वांवर पूर्वीइतकाच, किंबहुना अधिक सढळपणे, थुंकण्याचा क्रम चालू ठेवला. शोध त्यांनी सोडला. कोणी कारण विचारलेच तर म्हणत, «भंगार पाहायला जन्म घेतला नाही मी.»

खरे एकट्या त्यांच्या बायकोला, मदिनाबीला, कळले, आणि तेही सांगण्यावाचून. बातमी घरी आली त्या रात्री भाकरी वाढताना तिने नवऱ्याला विचारले, «वो घुमट के बोल्ट खोले थे, के तोडे थे?»

मिस्त्री भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

«तोडे थे,» ती स्वतःशीच म्हणाली. «तो फिर तुम नहीं थे.»

«भाकरी कच्ची आहे,» मिस्त्री म्हणाले.

ती कच्ची नव्हती. मदिनाबीने ती पुन्हा तव्यावर टाकली, शेकली, आणि तशीच परत वाढली. पुढे दोघांमध्ये हा विषय निघाला नाही.

हाशम मिस्त्री चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात गेले. जनाज्याला झुलाल होता, दलिचंद शेठांनी माणूस पाठवला होता. बेबाबाईला कळवायचे कोणाला सुचले नाही. लोणझिऱ्याला राखेचा दगडी खड्डा आहे, त्यात बाभळी उगवल्या आहेत. सावखेड्याला आखाजीला त्याच घुमटावर मांडे होतात, आणि ते एका बाजूने करपतात.