शिटी न वाजलेला कुकर

सत्त्याऐंशी सालच्या थंडीतला एक रविवार, मुक्काम सोनगीर. सकाळीच शेजारची सुनंदा दारात येऊन म्हणाली, "बाई, आमचा कुकर जरा बघता का?" शाळेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईला याहून गोड आमंत्रण कोणतं असणार... मी चष्मा पुसतच निघाले.

सुनंदा ही शेजारच्या अक्कांची सून. घरचा स्वयंपाक आटोपून रोज साडेसातच्या एसटीने ती डी.एड.साठी धुळ्याला जायची. हे जमायचं ते केवळ कुकरमुळे. भावाने लग्नात दिलेल्या त्या कुकरमध्ये वरण आणि भात एकदमच होत.

पंधरा दिवसांपूर्वी त्याच कुकरचा सेफ्टी वॉल्व्ह उडाला आणि तूरडाळ थेट छताला लागली. कोणाला भाजलं नाही, हे नशीब. तेव्हापासून कुकर माळ्यावर, डाळ पातेल्यात, आणि सुनंदाची गाडी दर दोन दिवसांनी हुकलेली... अखेर अक्कांनी निकाल देऊन टाकला होता. घर सांभाळून जमत नसेल, तर सोमवारपासून कॉलेज बंद. आणि सोमवार म्हणजे दुसराच दिवस.

मी पोहोचले तेव्हा सासरे, म्हणजे आबा, ओट्यावर बसून बाभळीची खुंटी तासत होते. वॉल्व्हच्या भोकात ठोकण्यासाठी! मी ती खुंटी अक्षरशः त्यांच्या हातातून काढून घेतली. "आबा, हे भोक बुजवलंत ना, तर पुढच्या वेळी डाळ राहील खाली आणि झाकण जाईल छताला."

मग मी सविस्तर समजावलं. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांवर उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे ते एकशेवीसच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. जादा वाफ शिटीखालच्या नळीतून बाहेर पडते. ती वाटच बंद झाली, तर आतली उष्णता वाढते, सेफ्टी वॉल्व्हमधला मऊ धातू वितळतो आणि वाफेला दुसरी वाट मिळते. थोडक्यात, वॉल्व्हने स्वतः जाऊन घर वाचवलं होतं... हे सांगताना मला नेहमीच भरून येतं.

"मास्तरीणबाई, तुमनं लेक्चर व्हयनं का?" अक्का अहिराणीत म्हणाल्या आणि सुनेकडे बोट दाखवलं. "आते चहा प्या. पानी कमी टाकं व्हई हिन्ही. बठ्ठं ध्यान यष्टीकडे!"

सुनंदा खाली मान घालून म्हणाली, "पाणी बरोबर होतं हो, बाई. पण त्या दिवशी शिटीच झाली नाही. मी वाट बघत राहिले..."

शिटीच झाली नाही! या एका वाक्यावर मी थबकले. माळ्यावरून झाकण काढून घेतलं, अंगणात नेलं आणि उन्हाकडे धरून नळीतून पाहिलं. अंधार. उजेडाचा ठिपकासुद्धा दिसेना.

आणि झाकण मात्र आरशासारखं लखलखत होतं. सोनगीर हे तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव. इथे भांड्याची चकाकी ही घरच्या बाईची अब्रू. कुकरचं झाकण अक्का रोज स्वतः घासत, सुनेला हात लावू देत नसत. मोरीपाशी चुलीतली चाळलेली राख टोपलीत भरून ठेवलेली होती... माझ्या डोक्यात सगळी साखळी जुळली.

खडू हातात असल्यासारखं बोट वर करून मी तोंड उघडलं. तेवढ्यात अक्कांकडे लक्ष गेलं. माझ्या हातातल्या त्या झाकणाकडे त्या कौतुकाने पाहत होत्या. आयुष्यात प्रथमच मी तयार स्पष्टीकरण गिळलं.

"अक्का, तुमची गोधडी शिवायची सुई आणता? नळी तुम्हीच साफ करा, माझा हात हलतो."

अक्कांनी सुई आणली, नळीत घातली, फिरवली. त्यांच्या तळहातावर राखाडी भुकटीचा खडा पडला. त्यांनी तो चिमटीत चोळला, वास घेतला आणि मोरीपाशच्या टोपलीकडे पाहिलं.

"हाई ते मन्ही राख शे," त्या हळूच म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "राख मन्ही, आणि पंधरा दिन बोलनं तू खाधं, माय."

सुनंदाचे डोळे भरून आले. आबांनी विचारलं, "मंग हाई खुंटीनं काय करू?"

"तुमना डोकामा ठोका!" अक्का उसळल्या.

माझ्याकडे त्याच बनावटीचा जादा वॉल्व्ह होता, तो बसवला. झाकणाचं रबर तपासलं, नुसतं पाणी घालून कुकर स्टोव्हवर ठेवला. पहिली शिटी खणखणीत झाली, तशा अक्का दोन पावलं मागे सरकल्या आणि मग लहान मुलीसारख्या हसल्या. राखेची टोपली त्यांनी स्वतःच चुलीमागे सरकवली.

सोमवारी सकाळी सातच्या सुमारास मी अंगणात आले. पलीकडे अक्का एक डोळा मिटून, झाकण उगवत्या उन्हाकडे धरून उभ्या होत्या. "दिसनं वं, आभाय दिसनं!" त्या घरात बघून ओरडल्या. "लाव कुकर, गाडी चुकाले नको!" सुनंदाला त्या दिवशी गाडी मिळाली. पुढच्या वर्षी ती डी.एड. झाली, शिक्षिका झाली.

आजही कुकर लावण्याआधी मी झाकण उजेडाकडे धरते. त्या एवढ्याशा भोकातून आभाळ दिसलं, की अक्का आठवतात... नळी कशी तपासायची ते मी त्यांना शिकवलं, आणि घरच्या माणसांसमोर "ही राख माझी" असं म्हणावं कसं, ते त्यांनी मला.