कडी नसलेलं दार

सिनेमाची गोष्ट मी दुसऱ्या दिवशी विसरते. कोण कोणाचा हरवलेला भाऊ निघाला, शेवटी कोण मेलं, काही लक्षात राहत नाही. घर मात्र विसरत नाही. दिवाणखान्यात उतरणारा गोल जिना, वळणावरची पितळी कुंडी, जमिनीवर लोळणारे पडदे, टेलिफोनसाठी वेगळं टेबल. टेलिफोनसाठी! आमच्याकडे शिलाई मशीन हेच टेबल आणि त्यावर देव सोडून सगळं काही ठेवलेलं असायचं. लग्न झालं त्या वर्षी नवऱ्याबरोबर तीनच्या शोला जायचे. तो मारामारी बघायचा आणि मी हिरोच्या डोक्यामागची भिंत बघायचे. त्याला वाटायचं, मला हिरो आवडतो. वाटू दे म्हटलं. (लिहिताना मी नवऱ्याला अरेतुरे करते. समोर अहो म्हणते. तेवढी तरी मोकळीक कागदावर असू दे.)

पण जिना न् पडदे हे सगळं वरवरचं. माझा जीव अडकायचा तो दारात. सिनेमातली बाई रागावली की काय करते? ताडकन उठते, धाडधाड जिना चढते, खोलीत जाते आणि दार आपटून लावून घेते. मग बाप येतो, आई येते, म्हातारा नोकर दुधाचा पेला घेऊन येतो. सगळे बाहेरून विनवतात. ती उघडत नाही. पलंगावर पालथी पडून पोटभर रडते. मध्येच तिला कोणी मेथी निवडायला हाक मारत नाही. त्या दाराचा आवाज झाला की मी खुर्चीत पुढं सरकून बसायचे. बायका त्या बाईची साडी बघत, मी तिची कडी बघायचे.

मला लहानपणापासून राग फार. पण राग यायला जागा लागत नाही, काढायला लागते. वैरागला माहेरी पुढं दुकान, मागं घर आणि मध्ये पोत्याचा पडदा. पडदा कितीही जोरात ओढा, आवाज काय येणार? सोलापूरला सासरी आले तर तीन खोल्या एकामागं एक, रेल्वेच्या डब्यांसारख्या. पहिलीत माणसं, दुसरीत किराणा दुकानाची पोती आणि पुन्हा माणसं, तिसरीत स्वयंपाकघर. सासरच्या मूळ गावचे, मैंदर्गीचे नातेवाईक कायम मुक्कामाला. कोणाची कोर्टात तारीख, कोणाचा दवाखाना, कोणाच्या मुलाची ॲडमिशन. बाईमाणसाला रडायचं तर न्हाणीत. सिनेमात बाई शॉवर सोडून रडते, म्हणजे आवाज बाहेर जात नाही. सोलापुरात शॉवर? चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं. पिंपातलं पाणी तांब्या-तांब्यानं पुरवायचं, तिथं रडण्यासाठी कोण पाणी सोडणार? आणि सिनेमातल्या एकाही घरात मला आजवर पिंप दिसलेलं नाही. त्या गोल जिन्यावरून कोणी पाण्याची कळशी घेऊन उतरताना बघितलंय का तुम्ही?

त्या पहिल्या वर्षातलीच गोष्ट. एका सिनेमात खिडकीला दुहेरी पडदा बघितला होता, बाजूला दोरीनं बांधलेला. माझी एक जुनी पिवळी साडी फाडून मी तसा पडदा शिवला, पुढच्या खोलीच्या खिडकीला लावला, लाल दोरीनं बांधला. दुपारभर मी येता-जाता त्याच्याकडे बघत होते. संध्याकाळी मैंदर्गीची मंडळी आली. सासूबाईंनी पडदा काढला आणि पोत्यांवर पांघरला. पोत्यांना उंदीर लागतात म्हणाल्या. "सूनबाईनं घराचा पिक्चर केलता की!" असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. नवराही हसला. तो सगळ्यात जास्त हसला.

मी स्वयंपाकघरात गेले, दार आपटलं आणि कडी लावली. नुसतं बसायचं होतं मला. बाकी काही नाही. रागात बसायचं होतं, पाय पसरून.

सासूबाई कानडीतून हाका मारायला लागल्या, "बागला तेगी! बागला तेगी!" म्हणजे दार उघड. मी गप्प. सिनेमातली बाई पहिल्या हाकेला उघडते का कधी? आणि बाहेर एकदम शांतता झाली. ती शांतता कसली हे मला आत कळलंच नाही. मला वाटलं, जिंकले. मग शेजारपाजारचे पाय वाजले, कोणीतरी बाई रडायला लागली, पुरुष दाराला खांदे मारायला लागले. मी घाबरून कडी काढली तर सगळे माझ्या तोंडाकडे नाही, साडीकडे बघत होते. एकीनं पुढं होऊन माझ्या पदराचा वास घेतला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत स्टो होता, रॉकेलचा डबा होता आणि नवी सून दार लावून बसली होती. त्या काळी बंद स्वयंपाकघर आणि सून म्हटलं की लोकांच्या मनात एकच गोष्ट यायची. पेपरात रोज तेच असायचं.

सासूबाईंना भीती वाटली याचा मला राग नाही. कोणालाही वाटली असती. पण त्या रडत काय म्हणाल्या? "आमच्या घराण्याचं नाव घालवलं असतंस." आणि सासरे म्हणाले, पोलिसांनी दुकानाला सील ठोकलं असतं. मी का रागावले हे एकानंही विचारलं नाही. पडद्याचं कोणाच्या लक्षातही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि स्वयंपाकघराच्या दाराची कडी काढून घेऊन गेला. सागवानी दारावर चार भोकं तेवढी राहिली. भाकरी थापता थापता उठून दार लोटलं की पिठाचा हात तिथं लागायचा. ज्वारीचं पीठ बसून बसून ती भोकं पांढरी झाली. सासूबाई गेल्या, सासरे गेले, स्टो जाऊन गॅस आला. कडी काही परत आली नाही. मी मागितली एकदा. नवरा म्हणाला, "आता कशाला? आता काय तू नवी नवरी हायेस?"

तर आता मुलगा पुण्यात मोठ्या पगारावर आहे. महिन्यातले काही दिवस इथं येऊन लॅपटॉपवर काम करतो. त्यानं ठरवलं, घर नवं करायचं. वर मजला चढवायचा, आतून जिना बांधायचा, खाली सगळं पाडून मोकळं करायचं. पुण्याहून एक डिझायनर मुलगी आणली. गोड मुलगी होती. मला म्हणाली, "काकू, काका सांगत होते, तुम्हाला फिल्ममधली घरं खूप आवडतात. तुमचं स्वप्न काय आहे, सांगा."

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला. मी म्हटलं, "एक खोली. लहान चालेल. पण तिला दार पाहिजे आणि दाराला आतून कडी पाहिजे."

मुलगा हसला. "आई, बेडरूम आहे की तुमची."

बेडरूम! तिथं त्याचा बाप दुपारी दोन तास घोरतो, उरलेल्या वेळात बातम्या लावतो आणि दुकानात न मावलेले मालाचे नमुने माझ्याच कपाटात ठेवतो. मी हे सगळं सांगितलं. मुलीनं मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, झालं. मी वेडी. बांधकाम सुरू झालं तेव्हा मला भावाकडे वैरागला पाठवलं, धुळीचा त्रास नको म्हणून. "येशील तेव्हा सरप्राइज," मुलगा म्हणाला.

सरप्राइज मिळालं. स्वयंपाकघराची भिंतच नाही. ओपन किचन! दारातून आत पाय टाकला की पहिला दिसतो माझा ओटा आणि ओट्यापाशी पाठमोरी मी. देवघराला मात्र दार आहे, नक्षीचं, वर घंटा लावलेल्या. सकाळी नवरा लिंगपूजेला बसला की ते बंद होतं आणि घरातलं पाखरू हूं की चूं करत नाही. पाहुण्यांच्या खोलीला दार. मुलाच्या खोलीला दार, आणि मीटिंग असली की आतून लॉक. गाडीला शटर. या घरात देवाला दार आहे, पाहुण्याला आहे, गाडीला आहे. मला नाही. मला दिव्यांची माळ लावलेलं छत दिलं आणि भिंत काढून घेतली.

"आता तुला हॉलमधला टीव्ही दिसेल, आई. एकटं नाही वाटणार." अरे, कोणी सांगितलं तुला की मला एकटं वाटत होतं? मला एकटं वाटायलाच मिळालं नाही जन्मात! फोडणी दिली की सोफ्याला वास लागतो म्हणे, म्हणून मिरच्या कमी. शेंगाचटणी कुटायला घेतली की, "आई, जरा थांब ना, कॉल चालू आहे." कुटायची कधी मग? पूर्वी निदान दार लोटून मनातल्या मनात चार शिव्या तरी देता यायच्या. आता तोंड वाकडं केलं तरी हॉलमधून दिसतं.

आणि ते दार, चार भोकांचं, अंगणात भिंतीला टेकून उभं होतं. जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन नेणार होता.

शेवटचं काम राहिलं होतं जिन्याखालचं. तिथं चपलांचं कपाट आणि इन्व्हर्टर असं ठरलं होतं. मुलगा पुण्यात, नवरा दुकानात. सुतार फळ्या मोजत होता. मी त्याला अंगणात नेलं आणि म्हटलं, "चपलांचं राहू दे. हे दार बसव जिन्याखाली."

"ह्ये? मावशी, ह्ये लई जुनं हाय की. आन् तितं छप्पर तिरकं, कापावं लागंल."

"काप."

"साहेबांना फोन लावून इचारतो."

"विचार. आणि हेही सांग, की आजपासून जेवण, चहा, पाणी सगळं साहेबांनाच विचारायचं. माझ्याकडे यायचं नाही."

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि फोन खिशात ठेवला. जिन्याच्या उतारानं दाराचा वरचा कोपरा कापला. मी हार्डवेअरच्या दुकानातून जाडजूड लोखंडी कडी आणली होती. तो म्हणाला, जरा वर नव्यानं भोकं पाडतो, ही सैल झालीत. मी म्हटलं, नाही, तिथंच. त्यानं भोकांतलं पीठ खिळ्यानं कोरून काढलं, आत लाकडाच्या काड्या ठोकल्या आणि त्यांत स्क्रू पिळले. आत एक खुर्ची मावते. उभं राहिलं की डोकं आपटतं. संध्याकाळी नवरा म्हणाला, "ह्ये काय खूळ?" काही दिवस ते दार मी वापरलंही नाही. आहे, एवढंच पुरत होतं.

मग एका रविवारी मैंदर्गीची मंडळी घर बघायला आली. जिना बघितला, छत बघितलं, दिवे लावून बघितले, विझवून बघितले. मी भजी तळत होते, पाठमोरी, सगळ्यांच्या समोर.

"पिक्चरमधल्यावानी झालंय की घर!" पाहुणे म्हणाले.

"हिच्यासाठीच केलं सगळं," नवरा म्हणाला. "हिला पिक्चरच्या घरांचं लई याड. नवीन लग्न झालतं तवा तर साडी फाडून पडदा केलता हिनं!" आणि तो हसला. तसाच हसला. "आता काय मागायचं ऱ्हायलंय हिला?"

म्हणजे पडदा त्याच्या लक्षात होता. इतकी वर्षं लक्षात होता.

मी गॅस बंद केला. झाऱ्या ठेवला. हात पुसले नाहीत. सगळ्यांच्या देखत हॉलमधून चालत गेले, जिन्याखाली शिरले आणि दार आपटलं. कसं आपटलं! सागवानी दार ते. देवघराच्या घंटासुद्धा वाजल्या. मग कडी लावली. पहिल्या फटक्यात बसली.

बाहेर ती शांतता झाली. तीच, जुनी. या वेळी मला ओळखू आली.

"मी जिवंत आहे," मी आतून ओरडले. "रॉकेल नाही, काही नाही. मी रागावले आहे. पडदा चांगला झाला होता!"

सिनेमातल्यासारखं आता पोटभर रडायचं असं मी कधीपासून ठरवून ठेवलं होतं. पण रडू आलंच नाही. पाय पसरले तर समोरच्या भिंतीला टेकले. अंधारात लाकडाच्या भुशाचा वास येत होता आणि माझ्या हाताला बेसनाचा.

थोड्या वेळानं गल्लीतून ओरडा ऐकू आला, पाणी आलं, पाणी आलं. घराघरांतल्या मोटरी सुरू झाल्या. बाहेर धावपळ झाली, बादली पडली आणि मग नवरा दारापाशी आला. दार वाजवलं, आधी हळू, मग जोरात.

"अगं, पाणी आलंय! दार उघड. नळी कुटं ठेवलीस? मोटरचं बटण कंचं? जाईल की पाणी!"

या घरात इतकी वर्षं पाणी भरतंय कोण, ते त्याला आता कळलं असावं.

"शोधा की," मी म्हटलं, आणि कडीवर हात ठेवून तशीच बसून राहिले.