दहा फुटांवर टांगलेलं सिलिंडर

ही हकीकत मी आजवर टाळत आलो. निवृत्तीनंतर लोक तपासाच्या गोष्टी विचारतात. मी दरोड्याच्या सांगतो, बनावट नोटांच्या सांगतो. ही सांगत नाही. आठवत नाही असं मात्र नाही. जेवताना हातातला घास थांबतो आणि मी घड्याळाकडे बघतो, इतकी ती अजून ताजी आहे. या प्रकरणाच्या कागदांत मी लिहिलेल्या दोन ओळी खोट्या आहेत. ते कागद आता माझ्या हाती येणार नाहीत, म्हणून इथे लिहितो. नावं कोणाचीच घेणार नाही.

गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या बाजूच्या जंगलपट्ट्यात मी ठाणेदार होतो. आमच्या हद्दीत एक धरण होतं. उन्हाळी धान पोटरीत आलेलं आणि धरणाचं दार खाली अडकून बसलेलं. पाणी सुटेना. ठेकेदाराने दोन माणसं पाठवली. एक साठीचा, कोकणपट्टीच्या बंदरात आयुष्य घालवलेला पाणबुड्या. त्याला सगळे उस्ताद म्हणत. दुसरा त्याचा शागीर्द, तिशीच्या आतला, आमच्याच धरणाकाठच्या मासेमारांच्या घरातला. बाहेर जाऊन काम शिकून आलेला, म्हणून गावाला त्याचं भारी कौतुक.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता ठाण्याचा फोन वाजला. त्या शागिर्दाचा मामा बोलत होता.

"साहेब, लवकर या. तो बुढा माह्या भाच्याले पान्यात दाबून मारून राहिला होता. आमी डोंग्यात ओढून काढलं."

"दाबून म्हणजे?"

"डोक्यावर हात ठेवून, साहेब! पोरगा वर आला का हा खाली ढकले. दोनदा. माह्या डोळ्यानं पाहिलं."

अर्ध्या तासात मी धरणावर होतो. शागीर्द काठावर पडलेला. शुद्धीत होता, पण पायांत मुंग्या येतात म्हणत होता. उस्तादाच्या कपाळातून रक्त येत होतं. मामाने वल्हं हाणलं होतं. भोवती पन्नासेक माणसं जमलेली.

"याले पान्यात बुडवा, मंग समजन," गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

उस्ताद मला बघताच उठला. "साहेब, भांडण नंतर. आमच्या जीपमध्ये ऑक्सिजनचं सिलिंडर आहे, ते त्याच्या तोंडाला लावा आणि नागपूरला हलवा. तिथे प्रेशर चेंबरवाला दवाखाना आहे. मी फोन केलाय."

गुन्हा करून पळायला बघणारे लोक मी पुष्कळ पाहिले होते. पेशंटसोबत जातो म्हणणारेही पाहिले होते. मी शागिर्दाला एका टेम्पोतून जवळच्या दवाखान्यात पाठवलं, उस्तादाला गाडीत बसवलं आणि पंचनामा सुरू केला.

पंचनाम्यात माझा हात कोणी धरू शकत नसे. तराफा, त्यापासून खाली सोडलेली वजनाची दोरी, दोरीला दहा फुटांवर टांगलेलं हवेचं भरलेलं सिलिंडर, प्लास्टिकमध्ये घातलेला, पिवळा पडलेला आकड्यांचा छापील तक्ता, एक वही, शागिर्दाच्या मनगटावरचा घड्याळासारखा डाईव्ह कॉम्प्युटर आणि जीपमधलं ऑक्सिजनचं सिलिंडर. सगळं जप्त. पंचांसमोर सिलिंडरांवर लाख लावून मोहर मारली; कॉम्प्युटर आणि वही जबाबात दाखवायला बाहेर ठेवली. हवालदार लाख वितळवत असताना उस्ताद गाडीतून ओरडला, "ते नका बंद करू, साहेब! त्याचा जीव आहे त्यात!"

"मुद्देमाल आहे," मी म्हणालो.

ठाण्यात आणून मी त्याला बाकावर बसवला. वेळ तीन.

"डोकं खाली का दाबलं?"

"त्याचा थांबा बाकी होता. खोल पाण्यात माणूस जी हवा घेतो तिच्यातला वायू रक्तात मुरतो. वर येताना ठरावीक खोलीवर ठरावीक मिनिटं थांबावं लागतं, म्हणजे तो सावकाश निघतो. नाही थांबलं तर अंगात बुडबुडे होतात. सोड्याची बाटली एकदम उघडल्यासारखे. तो दहा फुटांवर सात मिनिटं थांबून वर आला. थांबा वीस फुटांपासून धरायचा होता, एकूण सदतीस मिनिटांचा. लगेच खाली गेला असता तर निभावलं असतं."

"सात कोणी सांगितलं?"

"त्याच्या कॉम्प्युटरने."

"आणि सदतीस?"

"माझ्या तक्त्याने."

मी हसलो. हे हसणं मला अजून ऐकू येतं. "म्हणजे लाख रुपयांचं यंत्र खोटं आणि तुझा पिवळा कागद खरा?"

"दोन्ही बरोबर आहेत, साहेब. यंत्र मनगटावर असतं तेव्हा ते तक्त्यापेक्षा चांगलं. माणूस कुठे किती वेळ होता ते क्षणाक्षणाला मोजतं. तक्ता आंधळा, सगळा वेळ तळाशीच होतास असं धरून चालतो. मी त्याला यंत्र वापरू नको म्हटलं नाही. पण आज त्याचा आकडा इतका कमी का, ते मला कळत नाहीये. आणि कळेपर्यंत जो आकडा मोठा, तो धरायचा. साहेब, किती वाजले?"

दर पाच मिनिटांनी तो वेळ विचारत होता. हवालदार वैतागला. "काऊन रे बुढ्या, ट्रेन छूट रही है क्या तेरी?"

साडेचारला दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. कमरेखाली संवेदना कमी होत चालली आहे, हे कशाने झालं ते जाणणारं कोणी तिथे आहे का, असं विचारत होते. मी समोर बसलेल्या माणसाकडे पाहिलं आणि म्हणालो, "चौकशी चालू आहे. नंतर कळवतो."

उस्तादाने ते ऐकलं. तो रडला नाही, पाया पडला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, मला इथेच ठेवा. बेडी घाला. पण सिलिंडर पाठवा."

मी पाठवलं नाही. मोहर तोडायची तर पुन्हा पंच बोलवावे लागले असते.

सहाच्या सुमारास मामाचा जबाब लिहायला घेतला. आता तो थोडा शांत होता. मी त्याच्यापुढे यंत्र ठेवलं आणि हे भाच्याचंच ना, असं विचारलं.

"त्याचंच. पाच माणसांत मिरवावं असं घड्याळ हाय, साहेब. सकारी माह्याच हातात होतं."

"तुझ्या हातात?"

"सडक अर्जुनीले पोरीच्या सोयरिकीचे पाव्हणे होते. म्हटलं, भाचा, दे आजच्या दिवस. त्यानं उतरून देल्लं. बारा वाजता आनून देल्लं मी."

मी उस्तादाची वही उघडली. त्या दिवसाच्या दोन बुड्या. सकाळी एक, दुपारी एक. मग यंत्राची बटणं दाबत बसलो. हवालदाराच्या मदतीने त्याची नोंद सापडली. त्या दिवसाची बुडी एकच.

सकाळी नव्वद फुटांवर शागिर्दाच्या रक्तात जे मुरलं होतं ते यंत्राला माहीतच नव्हतं. तेव्हा ते मामाच्या मनगटावर पाहुण्यांसोबत पोहे खात होतं. दुपारी त्याने ताज्या माणसाचा हिशोब दिला. आणि मामाने पोरीच्या सोयरिकीसाठी घड्याळ उसनं नेल्याचं बाहेर फुटू नये म्हणून शागिर्दाने ही गोष्ट उस्तादाला सांगितली नव्हती.

मग मला माझाच पंचनामा आठवला. दहा फुटांवर टांगलेलं भरलेलं सिलिंडर. ज्याला बुडवायचं त्याच्यासाठी कोणी जास्तीची हवा टांगून ठेवतं का? अडीच वाजता ही ओळ मी स्वतःच्या हाताने लिहिली होती.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होता. "साहेब, मंग आमी त्याले वर ओढलं ते...?"

मी उठलो. मोहर तोडली. उस्तादाला सिलिंडरसह गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं. तो शागिर्दाला घेऊन नागपूरला निघाला तेव्हा माझ्या हिशेबाने साडेपाच तास गेले होते.

शागीर्द वाचला. पाय वाचले नाहीत.

आता त्या दोन ओळी. पहिली, स्टेशन डायरीतली: "जखमीस ऑक्सिजन लावून तात्काळ रवाना केले." तात्काळ नव्हे. दुसरी, तपासाच्या अखेरच्या अहवालातली. गुन्हा बनत नाही हे लिहावंच लागलं, पण उस्तादाला चार तास का बसवलं याला काही कारण हवं होतं. मी लिहिलं: "आधुनिक यंत्र उपलब्ध असताना पर्यवेक्षकाने जुन्या तक्त्यावर विसंबून गोंधळ निर्माण केला." त्या ओळीवर बोट ठेवून ठेकेदाराने उस्तादाला काढलं. पुढे त्याला कोणी पाण्यावर उभा केला नाही.

यंत्र चांगलं की तक्ता, यावर मी नंतर बरंच वाचलं. यंत्र पहिल्या बुडीपासून त्याच माणसाच्या अंगावर असेल तरच ते चांगलं, इतपत मला समजतं. मीही त्या दिवशी दीड वाजता चालू झालेलं यंत्र होतो. फोनच्या आधीचं मला काही माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो समोर बसून वेळ विचारत होता. पुढच्या नोकरीत जप्तीवर मोहर मारण्याआधी मी आरोपीला विचारत असे, यातलं कोणाला आत्ता लागणार आहे का? हाताखालचे हसायचे.

शागीर्द आता धरणाकाठी जाळी विणायचं दुकान चालवतो. मी वर्षातून दोनदा तरी जातो. मामाही असतो, आम्ही दोघं एकमेकांकडे फार बघत नाही. गेल्या खेपेला शागीर्द फोनवर बोलत होता. मला पाहून म्हणाला, "साहेब, उस्ताद हाये लाईनवर. दर आठवड्याले बोलतो आमी. घ्या, बोला." आणि फोन माझ्या हातात दिला.

वाक्य माझ्याजवळ तयार होतं. कित्येक वर्षं तयार होतं.

"साहेब? तब्येत बरी?" आवाज थकलेला होता.

"बरी," मी म्हणालो. "तिकडे उकाडा कसा आहे?"

उकाडा आहे म्हणाला. मी फोन परत दिला. पुढच्या महिन्यात तो गेल्याचं शागिर्दाने कळवलं.

ते वाक्य असं होतं: उस्ताद, दोन्ही वेळा तुम्ही त्याला वाचवत होता, एकदा पाण्यात आणि एकदा माझ्या ठाण्यात, पहिल्या वेळी गावाने तुमचा हात धरला, दुसऱ्या वेळी मी, आणि कागदावर मात्र चूक तुमची लिहिली. मला माफ करा.