बाबांना दिसलेला बर्फ

हॉस्टेलमध्ये मैत्रिणी भुताच्या गोष्टी सांगायला बसल्या की मी उठून झोपायला जायचे. आजही कोणी असलं काही सांगितलं तर माझा पहिला प्रश्न असतो, तेव्हा लाइट होते का? तरीही हे लिहितेय, कारण मला खरंच काही कळलेलं नाही.

आम्ही आधी सिडनीत, टूनगॅबीला राहायचो. मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, स्नोई माउंटन्सच्या भागातल्या एका हॉस्पिटलमध्ये जॉब मिळाला आणि आम्ही जिंडाबाईन गावाच्या वरच्या अंगाला चढावर घर घेतलं. मी आयटीत, काम घरूनच. मागच्या अंगणात शेडच्या पलीकडे सेंटीमीटरच्या खुणा रंगवलेला एक लाकडी खांब होता. शेजारच्या केनने फार पूर्वी रोवलेला. केन ऐंशीच्या घरातला, एकटाच राहणारा. दर हिवाळ्यात तो त्या खांबावर बर्फ मोजायचा. गुडघा त्रास द्यायला लागला तेव्हा त्याने मला विचारलं, तू मोजशील का, मेट? मी हो म्हटलं. मग रोज लंच ब्रेकमध्ये बूट चढवून जायचं, खांब बघायचा आणि आकडा केनला टेक्स्ट करायचा.

याचं सगळ्यात जास्त कौतुक माझ्या बाबांना. ते पुण्यात, माझ्या भावाकडे कोथरूडला. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे पाऊस किती पडला, पाणी किती चढलं हा जिव्हाळ्याचा विषय. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, पण उत्सुकता तश्शीच. आमची दुपार म्हणजे त्यांचा सकाळचा चहा. तेव्हा मी फोन करून बर्फ किती ते सांगायचे... सेंटीमीटरमध्ये नाही, त्यांच्या मापात. आज चार बोटं, आज वीतभर.

एक दिवस मी मोजायला निघण्याआधीच ते म्हणाले, आज वीत आणि वर दोन बोटं असेल बघ. जाऊन बघितलं, तेवढाच. योगायोग. दुसऱ्या दिवशीही तेच. मग आमचा खेळच झाला — आधी बाबा सांगणार, मग मी मोजणार. एकदा म्हणाले, खांबाच्या डाव्या बाजूला जास्त साचलाय. साचला होता.

मी कारणं शोधली. फोरकास्ट म्हणावा तर तो वरच्या स्की रिसॉर्टचा, आमच्या अंगणाशी त्याचा काही संबंध नाही. अंगणात कॅमेरा नाही. वहिनीला विचारलं, तुम्ही त्यांना काही वाचून दाखवता का? ती म्हणाली, छे गं, त्यांना रेडिओ सोडून दुसऱ्या कोणाचं ऐकायचं असतं कुठे. मंदारचं म्हणणं, जन्मभर हेच काम केलंय, अंदाज चांगला आहे. मीही तेच धरून बसले.

मग तो दिवस आला. सकाळपासून सोसाट्याचा वारा आणि दुपारी इतकं धुकं, की किचनच्या खिडकीतून शेडसुद्धा दिसेना. मी बाबांना फोन करून सांगितलं, आज काही मी बाहेर जात नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "पण खांबाच्या मागे कोण बसलंय गं?"

"कोणी नाहीये, बाबा."

"बसलंय. डोक्यावर टोपीसुद्धा नाही. जा, बघून ये."

आवाज चढवला नव्हता त्यांनी. लहानपणी मला ताप आला की कपाळावर हात ठेवून बोलायचे ना, तसा आवाज होता. मी फोन तसाच ओट्यावर ठेवला आणि गेले.

केन होता. वाऱ्याने खांब पडला की काय ते बघायला आला, घसरला आणि उठता येईना. खांबाला पाठ टेकून बसला होता, टोपी कुठे उडालेली, ओठ निळे. हाक मारायचीही ताकद उरली नव्हती. मी घरातली सगळी पांघरुणं आणून त्याच्यावर घातली आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्याचे हात चोळत तिथेच बसले. खुबा मोडला होता. हॉस्पिटलमध्ये म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं.

बरा झाल्यावर केनने बाबांशी बोलायचा हट्ट धरला. कसं कळलं, असं त्याने विचारलं. बाबा त्यांच्या ऑफिसच्या इंग्लिशमध्ये म्हणाले, मला तुमचं अंगण दिसलं, एवढंच. मग दोघं बराच वेळ गुडघ्यांबद्दल बोलले. ती दोस्ती अजून टिकून आहे.

गंमत म्हणजे त्या दिवसानंतर बाबांचा एकही आकडा जमला नाही. ते बोटभर म्हणाले की नेमका गुडघाभर बर्फ. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. मला मात्र उगाच चुकल्यासारखं व्हायचं.

गेल्या हिवाळ्यात बाबा पहिल्यांदा इकडे आले. आल्या आल्या म्हणाले, अंगणात जाऊ. मी हात धरला, तो त्यांनी हळूच सोडवून घेतला. मागच्या पायऱ्या उतरले, शेडला वळसा घातला आणि केन जिथे बसला होता, बरोबर तिथे जाऊन उभे राहिले. काठी दारातच राहिली होती. वाकून बर्फावर हात फिरवला.

"इतका मऊ असेल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

मी विचारलं, "बाबा, इथवर आलात कसे?"

"कसे म्हणजे? तेव्हा रोज येत होतो की."

घरात मात्र पुण्याला परत जाईपर्यंत त्याच त्या सोफ्याला धडकत होते, आणि दर वेळी त्याला सॉरी म्हणत होते. कोणाकडे काही उत्तर असेल तर जरूर सांगा... माझ्याकडे नाही.