फॉर्मवर मी ‘नाही’ लिहिलं

“ओव्हेरियन कॅन्सर,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे अंडाशयाचा कर्करोग. मी विचारलं, “केस जातील का?” त्यांना वाटलं, भीतीने बोलतेय. मला खरंच तेवढंच विचारायचं होतं.

ऑपरेशन झालं, केमो झाल्या, केस गेले. कामोठ्यात मी गणिताच्या शिकवण्या घेते. मुलं फळ्याऐवजी माझ्या स्कार्फकडे बघायची. केमो संपल्यावर कोणालाही न विचारता मी केसांच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांत बायोटिन भरपूर, म्हणजे एक जीवनसत्त्व.

पनवेलला तपासणीला गेले की थोडं रक्त संशोधनासाठीही देत असे. तिथली डॉ. सायली डीएनएच्या धाग्यांना घड्या घालून डोळ्यांना न दिसणाऱ्या डब्या बनवते. रक्तात आजाराचा ठरावीक रेणू भेटला की झाकण उघडतं, आतला रंग चमकतो. नंतर त्या डब्या काचेवर पकडतात, तेही बायोटिनच्याच आधाराने. फॉर्मवर प्रश्न होता, इतर गोळ्या, जीवनसत्त्वं? मी लिहिलं, नाही.

तिसऱ्या खेपेला सायली बाकावर येऊन बसली. “काकू, तुमच्याच रक्तात माझ्या डब्या काचेला धरत नाहीत. दोन महिने घड्या बदलून बघतेय. बायोटिन घेता का हो? रक्तात ते जास्त असलं की काचेवरच्या जागा तेच अडवतं. त्याने हॉस्पिटलच्याही काही चाचण्या चुकतात, आकडा खोटाच कमी येतो.”

“नाही गं.”

ती गेल्यावर शेजारच्या पेशंट, उरणच्या जनाबाई, म्हणाल्या, “केस बरे आलेत बाई तुमचे. आमी आपला पदर घेतो, झाला. काय लावता?”

मी नुसती हसले. पर्समध्ये सीए-१२५चा रिपोर्ट होता. हे रक्तातलं एक प्रथिन, या आजारात वाढतं. माझा आकडा छान होता. तो खरा होता का?

आठवडाभर गप्प राहिले. सायली तिकडे आपल्याच प्रयोगाच्या पायऱ्या तपासत बसली होती, आणि चूक मी दिलेल्या माहितीत होती. शेवटी जाऊन सांगितलं.

तिने एवढंच विचारलं, “किती दिवस?”

“पाच महिने.”

डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, काही दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं. सीए-१२५ वाढलेलं निघालं. स्कॅनमध्ये एक छोटी गाठ दिसली. त्याच रक्तात सायलीच्या डब्या काचेला धरल्या आणि चमकल्याही. तिला आनंद झाला होता, पण माझ्यापुढे तो दाखवायची चोरी.

सोमवारपासून पुन्हा केमो आहे. गेलेले महिने परत येणार नाहीत, हे मला कळतं. तुमच्यापैकी कोणी काही लपवून घेत असेल, अगदी चूर्णसुद्धा, तर उद्याच डॉक्टरांना सांगा.

सायलीने माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या कामात चूक शोधली. तिला सांगितलंय, दर तपासणीला येईन. गाठ वाढो की विरघळो, यापुढे तिला माझं खरं रक्त मिळेल.