पट्टराणीचं काळीज

तापलेल्या लोखंडावर उकळणाऱ्या हळदीचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? लग्नघरातला तो मंद, मंगल गंध नव्हे. हा उग्र, किंचित जळकट, नाकातून थेट डोळ्यांत शिरणारा. वैशाखातली दुपार, नांदेडच्या रस्त्यावर लोहा गावाच्या अलीकडचा उजाड माळ, क्षितिजापर्यंत हिरव्याचा एक ठिपका नाही, आणि त्या पांढुरक्या, निस्तेज सृष्टीत माझ्या मोटारीच्या उघड्या बॉनेटमधून पिवळ्याधमक वाफेचे लोट उठताहेत! आज इतक्या वर्षांनीही स्वयंपाकघरात हळद करपली, की मला आधी तो माळ दिसतो आणि मग त्या माळावर खळखळून हसणाऱ्या बायका.

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेपासून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. रोज कुठे ना कुठे नवी पाटी लागत होती. कचेऱ्या जागा शोधत होत्या, साहेब घरं शोधत होते, आणि आम्ही सगळे मिळून पाणी शोधत होतो. जिल्हा नवा होता खरा, पण विहिरी जुन्याच होत्या, आणि त्या तळापर्यंत आटल्या होत्या. मांजरेच्या पात्रात लोक झिरे खोदून वाटीवाटीनं घागर भरत.

मी बाळंतपणं करणारी डॉक्टर. गावात माझा चार खाटांचा दवाखाना होता, आणि दारात उभी असे ती मोरपंखी रंगाची, लांबलचक, विलायती गाडी. हैदराबादच्या कुणा जहागीरदाराच्या वारसांना ती नकोशी झाली होती, म्हणून आमच्याकडे आली. एका साध्या डॉक्टरणीला असला राजेशाही थाट कशाला, असं लोक विचारत. उत्तर अगदी व्यवहाराचं होतं: तिच्या मागच्या सीटवर अडलेली बाई सरळ आडवी झोपू शकत असे. बैलगाडीतून, जीपमधून गुडघे पोटाशी घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या होत्या. त्या तपकिरी, मऊ चामड्याच्या सीटवर कितीजणी निजून आल्या, आणि दोघी तर वाटेतच मोकळ्या झाल्या!

पण हे झालं लोकांना द्यायचं उत्तर. खरं उत्तर माझ्या बाबांपाशी होतं. गावच्या शाळेत दाराबाहेर बसून शिकलेले, पुढे स्वतः मास्तर झालेले आणि छप्पन साली आम्हा सगळ्यांना घेऊन धम्माच्या वाटेनं गेलेले माझे बाबा नायगावला राहत. गाडी घेतल्यावर पहिल्यांदा त्यांना फिरवायला नेलं, तेव्हा ते त्या विशाल सीटच्या अगदी कडेला, पुढच्या सीटचा आधार धरून बसले. कुणीतरी आत्ता ‘ऊठ’ म्हणेल, अशा सावध बेतानं. बरंच अंतर गेल्यावर मी आरशातून पाहिलं, तर ते हळूच मागे सरकले होते, पाठ टेकली होती आणि डोळे मिटले होते. त्या क्षणापासून ती गाडी माझ्यासाठी नुसती गाडी राहिली नाही. अभिमान म्हणा, हट्ट म्हणा. मनुष्याला एखादी तरी वस्तू अशी असते, की जिच्यात त्यानं आपली ताठ पाठ ठेवलेली असते.

माझे यजमान, गौतमराव, कॉलेजात गणित शिकवत. गाडीला ‘पट्टराणी’ हे नाव त्यांनीच दिलेलं. तिच्या मीटरचे सगळे आकडे एकदा नऊ झाले आणि पुन्हा एकवार शून्यावर आले, तेव्हा त्यांनी मला हाताला धरून दाखवायला नेलं. म्हणाले, “ही खरी बौद्ध गाडी! एवढी वणवण केली आणि शेवटी शून्याला पोचली.”

त्या शून्यानंतर मात्र पट्टराणीचं दुखणं सुरू झालं. चढावर दम लागे, मागून निळा धूर येई, आणि रेडिएटर असा गळे, की दर दहा-बारा मैलांवर तिला पाणी पाजावं लागे. एरवी चाललं असतं. पण ज्या गावात अंघोळीचं पाणी झाडाला आणि भाज्या धुतल्याचं पाणी गुरांना जात होतं, तिथे बादलीनं पाणी पिणारी ही थोरामोठ्यांची लेक कशी शोभावी? नळावर रांगेत उभ्या बायका बोलत काही नसत, नुसत्या बघत. ते बघणं मला खुपायचं.

अशातच गौतमरावांनी कधीकाळी नोंदवून ठेवलेल्या नव्या, चिमुकल्या मोटारीचा नंबर लागल्याचं पत्र आलं. महिन्याभरात होय की नाही ते कळवायचं होतं.

ते म्हणाले, “अगं, नवी गाडी चिमणीएवढं पाणी पिते. मलाही पट्टराणीचा लळा आहे, पण लळ्यानं रेडिएटर भरत नाही.”

“आणि तुमच्या चिमणीत अडलेली बाई झोपवायची कुठे?” मी विचारलं.

“तोवर शिट्टी मारणारी सरकारी गाडी येईल की. जिल्हा झालाय आता.”

त्यांचं चूक नव्हतं, आणि हेच मला सहन होत नव्हतं. शेवटी ठरलं, की नांदेडला मकबूल मिस्त्रींना गाडी दाखवायची आणि ते म्हणतील तसं करायचं. मिस्त्रींचं तारुण्य असल्याच गाड्यांच्या पोटाखाली गेलेलं. विलायती यंत्राची नाडी ओळखणारा तेवढा एकच हकीम आमच्या भागात उरला होता. मागे एकदा त्यांनीच सांगून ठेवलं होतं, की रेडिएटर फारच गळू लागला तर मूठभर हळद टाका, ती भेगेत जाऊन बसते. म्हणून माझ्या गाडीत हळदीचा डबा कायम असे. “हळद तर लागली, आता नवरा बघा हिला,” असं गौतमराव म्हणत.

त्या दुपारी मी एकटीच निघाले. अहमदपूर मागे पडलं, आणि लोह्याच्या अलीकडच्या चढावर पट्टराणीनं मोठा सुस्कारा सोडला. बरोबर घेतलेल्या पत्र्याच्या डब्यातलं पाणी संपलं होतं. थोड्या अंतरावर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. पंचवीस-तीस बायका बाभळीच्या विरळ सावलीत भाकरी सोडून बसल्या होत्या. तो रिकामा पाण्याचा डबा हातात घेऊन मी त्यांच्याकडे चालत गेले. गाडीसाठी पाणी मागायचं, तेही ह्यांच्याकडे! इतकं जड पाऊल मी आयुष्यात फार कमी वेळा टाकलं असेल.

एक उंच, काटक म्हातारी उठली. वेणूबाई तिचं नाव. माझ्याकडे, मग लांबवर वाफाळणाऱ्या गाडीकडे बघत ती म्हणाली, “पानी देतो की. पन एक अट हाय.”

“कसली?”

“आमाला एकडाव बसू द्या हिच्यात.”

मला हसू आलं. मी चारही दारं सताड उघडली. मग काय विचारता! चौघीचौघी आत शिरू लागल्या. पदरानं पाय पुसून, मगच आत. “बया, खाटंपरीस मऊ हाय!” एकीनं सीटवर दोनदा उडी घेऊन पाहिलं. एकीला पुढच्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेमागचा आरसा सापडला; ती स्वतःकडे इतका वेळ बघत राहिली, की मागच्यांनी ओरडा केला. मुकादम हातात हजेरीपट घेऊन धावत आला, “काम हाय का जत्रा?” वेणूबाईनं त्यालाच सुनावलं, “जेवायची सुट्टी आमची हाय. तुला बसायचं तर रांगंत ये!” आणि तो बिचारा खरंच थोडा वेळ घुटमळला.

शेवटच्या खेपेला एक तरुण बाई आली. वेणूबाईची सून, चंद्रभागा. दिवस भरत आलेले. आत बसायला तिनं पाय उचलला, आणि माझं हसू जागच्या जागी थिजलं. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजून तट्ट झाले होते. चेहराही फुगलेला.

“डोकं दुखतं का गं?”

“लई ठणकून राहिलंय, बाई. सकाळधरनं डोळ्यापुढं काजवे चमकून राहिले.”

मी पेटीतून यंत्र काढून रक्तदाब बघितला. पारा जिथे थांबायला हवा होता तिथे थांबला नाही. ह्या पोरीला झटके कधी सुरू होतील ह्याचा नेम नव्हता. आणि झटके सुरू झाले, की आई आणि मूल दोन्ही हातचे जातात, हे मी पाहिलेलं होतं. मी वेणूबाईला बाजूला घेऊन सांगितलं, की हिला आत्ताच्या आत्ता नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं.

म्हातारीनं एकवार गाडीकडे पाहिलं. “ही जाईल का तितवर?”

“जायलाच पाहिजे,” मी म्हणाले.

मग जे झालं, त्याचं वर्णन मी आजवर कुणाला नीट करू शकलेले नाही. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. एकेक बाई आपापली घागर घेऊन आली. दिवसाकाठी एकदा येणाऱ्या टँकरचं ते पाणी. संध्याकाळपर्यंत पुरवायचं, घरी लेकरांसाठीही थोडं राखायचं. त्यातलं ओंजळ-ओंजळ, तांब्या-तांब्या त्यांनी माझ्या डब्यात ओतलं. एकही थेंब जमिनीवर सांडला नाही. मी रेडिएटर भरला, मूठभर हळद टाकली, आणि माळभर तो वास दरवळला. “गाडीला हळद लागली गं!” कुणीतरी ओरडलं, आणि त्या काळजीतही सगळ्या खळखळून हसल्या. दानाला गांभीर्यच लागतं असं कोण म्हणालं?

चंद्रभागेला मागच्या सीटवर डाव्या कुशीवर निजवलं, डोकं सासूच्या मांडीवर. गाडी सुरू होताच मी हीटर लावला. हसू नका! इंजिनाची उष्णता ओढून घ्यायचा तो एक जुना उपाय आहे. वैशाखातल्या दुपारी, सगळ्या काचा खाली करून, पायांवर गरम वारा घेत आम्ही तिघी निघालो. वेणूबाई पदरानं सुनेला वारा घालत होती आणि मधूनमधून विचारत होती, “कितवर आलं?” तीनदा थांबले, तीनदा त्या घागरींचं पाणी घातलं. गोदावरीचा पूल लागला तेव्हा डब्यात तांब्याभर पाणी उरलं होतं. दवाखान्याच्या फाटकात पट्टराणीनं शेवटचा आचका दिला आणि ती थांबली. पण तोवर स्ट्रेचर आलं होतं.

संध्याकाळी चंद्रभागेला मुलगी झाली. इवलीशी, मुठीत मावावी अशी, पण आवाज असा की भिंती हादराव्यात. आईचा रक्तदाब हळूहळू उतरू लागला. वेणूबाई नातीकडे बघून म्हणाली, “हाव, ही जगंल. भांडून राहिलीय आतापासून.”

दुसऱ्या दिवशी गाडी ओढत मिस्त्रींच्या अंगणात नेली. निरोप मिळताच गौतमराव पहिल्या बसनं आले. मिस्त्रींनी बराच वेळ तपासलं, हात पुसले आणि म्हणाले, “डॉक्टरीणबाई, खोटं न्हाई बोलणार. काळीज गेलं हिचं. मरम्मत होणार न्हाई. पन बॉडी लोखंडी हाय, अजून वीस वर्सं बघायला नको. मी म्हणतो, डिझेलचं इंजिन बसवू. रेडिएटर लॉरीचा. मग घोटभर पानी बी मागणार न्हाई.”

“आणि तो आवाज, तो थाट?” मी विचारलं.

“थाट जाईल. गिरणीसारखी वाजंल. पन चालंल.”

गौतमराव आपल्या स्वभावाला अनुसरून म्हणाले, “काळीज दुसरं, रेडिएटर दुसरा, मग ही तीच गाडी म्हणायची कशी?”

मला बाबांचं घर आठवलं. छप्पन सालच्या त्या दिवसानंतर आम्ही घरी परतलो, तेव्हा घर तेच होतं, अंगण तेच, चूल तीच, बाबांचा एकुलता कोटही तोच. बदललं होतं ते फक्त आतलं. आणि तरी त्या दिवसापासून आमच्या घराची चालच निराळी झाली. कुणी म्हणेल का, की ती माणसं दुसरी होती? किंवा मी तरी आता ती पूर्वीचीच आहे, असं कुणी म्हणेल का? माझा हट्ट त्या थाटासाठी होता, हे मला त्या अंगणात प्रथमच लख्ख कळलं. थाट गेला तर जाऊ दे. बाईला निजायला जागा राहिली म्हणजे झालं.

“बसवा,” मी मिस्त्रींना म्हणाले.

गौतमरावांनी माझ्याकडे पाहिलं. कालची सगळी हकिगत त्यांनी सकाळीच वेणूबाईच्या तोंडून, माझ्यापेक्षा किती तरी सरस ऐकली होती. त्यांनी खिशातून ते नव्या मोटारीचं पत्र काढलं. “नकार मीच लिहितो,” ते म्हणाले. “तुझं डॉक्टरी अक्षर त्यांना लागायचं नाही, आणि चुकून गाडी घरी यायची!”

मिस्त्रींना काम पुरं करायला पंधरा दिवस लागले. बाळ अशक्त होतं, म्हणून मायलेकींनाही दवाखान्यात तेवढेच दिवस ठेवून घेतलं होतं. त्यांना घरी सोडायचं त्या सकाळी मी गाडी फाटकाशी आणली. काय तो आवाज! दवाखान्याच्या खिडक्यांतून लोक डोकावले. “आता दळणं घेऊन येतील,” गौतमराव पुटपुटले.

मी मागचं दार उघडलं, उशी नीट केली. चंद्रभागा मात्र पुढच्या दारापाशी जाऊन उभी राहिली, बाळाला छातीशी धरून.

“अगं, मागे नीज ना. आराम पडेल.”

“येताना निजूनच आले की, बाई,” ती म्हणाली. “रस्ता कसला हाय, बघितलाच न्हाई.”

मागे वेणूबाई ऐसपैस पाय पसरून बसली, आणि आमचे गणिताचे प्राध्यापक तिच्या शेजारी, उरलेल्या वीतभर जागेत. गोदावरीचा पूल ओलांडून गाडी मोकळ्या रस्त्याला लागली. चंद्रभागेनं एक हात खिडकीबाहेर काढला, बोटं पसरून वारा चाचपून पाहिला. मग लेकीला जरा उंच धरून समोरचा रस्ता दाखवला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं,

“बाई, ह्याच्यापरीस जोरात जाती का हो ही?”

“बघू या,” मी म्हणाले.